कोल्हापुरात पुस्तक प्रकाशनाला एकट्यानं गेलं तर चालतं का?

बदलीवाली (रविवार, रात्री ९:१०)

मी मूळची अकोल्याची. बँकेत आहे, जूनमध्ये बदली होऊन इथं आले. राजारामपुरीत खोली घेतलीय. ब्रँचमधले लोक सोडले तर शहरात ओळखीचं कोणी नाही, आणि ब्रँचमध्ये पुस्तकाचा विषय काढला की लोक पासबुकावर येतात.

काल पेपरात कोपऱ्यातल्या चौकटीत एका कथासंग्रहाच्या प्रकाशनाची बातमी दिसली. संध्याकाळी साडेपाच. ठरवून गेले. दारात फेटे बांधलेली दोन माणसं, एक मुलगी गुलाब देतेय, दुसरी मनगटाला अत्तर लावतेय. एका काकांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "आपण कुणाकडून?" मला उत्तरच सुचेना. "चुकून आले" म्हटलं आणि वळले. खासबागेत जाऊन भेळ खाल्ली आणि घरी.

तर प्रश्न असे. निमंत्रण नसताना जातात का? गेल्यावर पुस्तक विकत घ्यावंच लागतं का? आणि असे कार्यक्रम कुठे असतात हे नवख्या माणसाला कळतं कसं? हसू नका.

तांबडा_रस्सा (रविवार, रात्री ९:३२)

हसलो. माफ करा ताई, पण "चुकून आले" वाचून च्या सांडला.

निमंत्रण कशाला पायजे? पत्रिकेत खाली बारीक अक्षरात "सर्व रसिकांना आग्रहाचे निमंत्रण" लिवलेलं आसतंय, ते तुमच्यासाठीच. पुढच्या वेळी कुणी "कुणाकडून" विचारलं तर "पुस्तकाकडून" म्हणायचं आणि सरळ आत. त्या काकांना बी दुसरं काय सुचलं नसंल, त्यांचं अर्धं आयुष्य लग्नाच्या मांडवात गेलंय.

बसायचं चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. पहिल्या दोन रांगांत "मान्यवर" च्या चिठ्ठ्या आसत्यात. तिसऱ्या रांगेत लेखकाचं पाव्हणं. चौथीपास्नं वाचक.

मंगळवार_पेठ (रविवार, रात्री १०:०५)

ताई, स्वागत. मी पासष्टीचा आहे. नोकरी करत होतो तेव्हाही जमेल तितक्या कार्यक्रमांना जात होतो, आता तर सगळ्यांनाच जातो. ठिकाणं सांगतो.

दसऱ्या चौकातलं शाहू स्मारक भवन पहिलं. मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाता येतं. शहरातली प्रकाशनं, व्याख्यानं बरीचशी तिथंच होतात, आणि कार्यक्रम लांबला तर कलादालनात एखादं चित्रप्रदर्शन बघून घ्यायचं. दुसरं करवीर नगर वाचन मंदिर. हे १८५० चं, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षा सात वर्षांनी मोठं. तिथलं सभासदत्व आधी घ्या, कार्यक्रम आपोआप कळतील, कारण ग्रंथालयाच्या फळ्यावर जे चिकटवलेलं असतं ते फोनवर येतंच असं नाही. तिसरी दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभा. आम्ही तिला 'दमसा' म्हणतो. त्यांचे ग्रंथ पुरस्कार असतात, त्या कार्यक्रमाला एका दिवसात आठ-दहा लिहिती माणसं भेटतात. चौथं शिवाजी विद्यापीठ. मराठी विभागाची चर्चासत्रं बाहेरच्यालाही ऐकता येतात, फक्त आधी विचारून घ्यावं. तिथं गेलात तर वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय बघितल्याशिवाय परत येऊ नका. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांचं, १९७४ चं. भाऊसाहेब शिरोड्याहून इथं आले आणि इथलेच झाले.

एक ठिकाण मी मुद्दाम शेवटी ठेवलं. तुम्ही भेळ खाल्लीत त्याच्या शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं, तेव्हा नाव पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आमच्या गल्लीतली, ज्यांनी कधी तिकीट काढून नाटक बघितलं नसेल अशीही माणसं त्या रात्री रस्त्यावर उभी राहून रडत होती. त्यामुळं या गावाला साहित्य-नाटकाचं काही पडलेलं नाही असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही, ती रात्र सांगतो.

साडेपाच म्हणजे सव्वासहा, हे वेगळं सांगायला नको. तरी तुम्ही साडेपाचलाच जा. त्या पाऊण तासात लेखक रिकामा असतो, घाबरलेला असतो आणि कुणाशीही बोलतो.

शेवटची_रांग (सोमवार, सकाळी ७:४८)

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडा खडा टाकतो.

गेल्या महिन्यात एका प्रकाशनाला घड्याळ लावून बसलो होतो. कार्यक्रम दोन तास दहा मिनिटं. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार. सत्कार चौदा जणांचा, त्यात ज्यानं सभागृहाचं बुकिंग करून दिलं तोही. पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांच्या भाषणापेक्षा लांब. प्रत्यक्ष पुस्तकावर कोण किती बोललं ते मोजलं: अकरा मिनिटं. त्यातली चार मुखपृष्ठावर, कारण पाहुण्यांनी तेवढंच बघितलं होतं. "मला पुस्तक काल रात्रीच मिळालं, धावतं चाळलं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते पसायदानासारखं पाठ झालंय.

बदलीवाली ताई, जा, पण फार अपेक्षा ठेवून जाऊ नका.

माईक_टेस्टिंग (सोमवार, सकाळी ९:१५)

@शेवटची_रांग, ते चौदा सत्कार मी जाहीर केले नसतील अशी आशा आहे. मी सूत्रसंचालन करतो, बरेचदा मानधनाशिवाय.

तुमचं गणित बरोबर आहे, पण त्याच्या मागचंही गणित ऐका. नवीन लेखकाच्या पुस्तकाला अनोळखी माणूस येत नाही. येतात ते पत्रिकेवरच्या नावांमुळं. एकेक नाव पाच-दहा माणसं घेऊन येतं. सभागृहाचं भाडं एकानं दिलेलं असतं, चहा-बिस्किटं दुसऱ्यानं, बॅनर तिसऱ्यानं. त्यांना शाल घालायची नाही तर काय करायचं? बारा नावं पत्रिकेवर आणि चाळीस माणसं सभागृहात. नावं काढा, मग माणसं मोजा.

बदलायचं असेल तर अनोळखी माणसांनी यायला लागलं पाहिजे. ताईंसारख्यांनी. अशी वीस माणसं चौथ्या रांगेत दिसायला लागली की लेखकच म्हणेल, सत्कार आटपा, मला वाचून दाखवायचंय.

शेवटची_रांग (सोमवार, सकाळी ९:४०)

भाडं देणाऱ्याला शाल, मान्य. पण त्याचं भाषण?

माईक_टेस्टिंग (सोमवार, सकाळी ९:४४)

भाषण तो मागत नाही. त्याच्या हातात माईक जातो आणि मग परत येत नाही.

दुपारची_कविता (सोमवार, दुपारी २:२०)

ताई, एक व्यवहाराचं. कार्यक्रम सात-साडेसातला संपेल असं पत्रिकेवरून वाटतं, संपतो साडेआठला. केएमटीची शेवटची बस बघून ठेवा, किंवा मंगळवार पेठकाकांसारखं कोणीतरी शोधून ठेवा जे थेट "पोरी, तुला कुठं सोडू" विचारतात. मधेच उठून जायला बिलकूल लाजू नका. प्रमुख पाहुणे स्वतःचं भाषण झालं की "पुढच्या कार्यक्रमाला जायचंय" म्हणून उठतातच, आणि त्यांच्याबरोबर पहिली अर्धी रांग.

माझा सल्ला, सुरुवात कविसंमेलनानं करा. प्रत्येकाला एकच कविता म्हणायची असते. सगळे तीन म्हणतात. पण तिथं कोणी कोणाला "कुणाकडून" विचारत नाही, कारण प्रत्येक जण आपला नंबर कधी येतोय याकडं डोळे लावून असतो.

गंगावेशचा_कथेकरी (सोमवार, रात्री ११:०२)

धागा वाचून राहवलं नाही. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाची गोष्ट सांगतो. छापखान्याचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

कादंबरी लहान, एकशे साठ पानांची. तारीख दीड महिना आधी ठरलेली, पत्रिका वाटलेल्या. पुस्तकं आदल्या दिवशी यायची होती. प्रकाशनाच्या दिवशी दुपारी चारला बाइंडरकडून फोन आला, "सगळ्या न्हाईत झाल्या, पंचवीस घिऊन जावा." गेलो. डिंक ओला होता, कव्हर वरच्या बाजूनं वळत होतं. रिक्षात मांडीवर दाबून धरत सभागृहापर्यंत आलो. बायकोनं त्यातल्या पाच प्रती सोनेरी कागदात बांधल्या, लाल फीत लावली. गाठ इतकी पक्की मारली की व्यासपीठावर अध्यक्षांना सुटेना. शेवटी सूत्रसंचालकानं खिशातली किल्ली दिली.

इथपर्यंत ठीक होतं. पाहुण्यांनी पुस्तक खरंच वाचलेलं होतं, मी त्यांना आधीच पीडीएफ पाठवली होती. ते म्हणाले, बत्तिसाव्या पानावरचा उतारा वाचतो. आजी पहाटे धार काढायला जाते तो. वाचायला लागले. आवाज सुंदर. "आजी चरवी घेऊन गोठ्याकडे वळली आणि..." ते पान संपलं, नजर समोरच्या पानावर गेली आणि वाचलं, "...तेराव्याचं जेवण उरकून पाहुणे आपापल्या गाड्यांत बसले."

पुस्तकात सोळा-सोळा पानांचे फॉर्म, म्हणजे जुड्या, असतात. बाइंडरनं तिसरा आणि चौथा फॉर्म अदलाबदल करून लावला होता. बत्तीसनंतर एकोणपन्नास. आजी गोठ्यात पोचायच्या आधीच तिचं तेरावं.

पाहुणे क्षणभर थांबले. माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा बघून त्यांना कळलं. आणि त्या भल्या माणसानं पुस्तक मिटलं, डोळे मिटले आणि पुढचा उतारा आठवेल तसा स्वतःच्या शब्दांत सांगितला. सभागृहात कुणाला पत्ता लागला नाही. अध्यक्षांना तर अजिबातच नाही. त्यांनी अध्यक्षीय भाषणात सांगितलं की लेखकानं काळाची सलग मांडणी धाडसानं मोडली आहे, मृत्यू आधी आणि जगणं नंतर ही रचना मराठीत दुर्मीळ आहे. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या.

आता ताईंच्या प्रश्नाला उत्तर. पुस्तक विकत घ्यावंच लागतं का? नाही. पण त्या दिवशी मी सभागृहात बसलेली माणसं मनात मोजली. नातेवाईक, मित्र, ऑफिसमधले, बायकोच्या भिशीच्या बायका. अनोळखी एकच होता. पांढरा शर्ट, कापडी पिशवी. त्यानं पैसे देऊन पुस्तक घेतलं, सही मागितली आणि म्हणाला, "वाचून सांगतो." बाकी सगळ्यांना मी 'सप्रेम भेट' लिहून दिली होती. त्यांतल्या कुणी वाचलं की नाही मला आजही ठाऊक नाही. त्या पिशवीवाल्याचं मात्र तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. पहिली ओळ: "पृष्ठक्रमांकांची चूक दुरुस्त करून वाचले."

तांबडा_रस्सा (सोमवार, रात्री ११:२०)

नाद खुळा! "मी पण वाजवल्या" ला सलाम.

डीटीपीवाला (मंगळवार, सकाळी १०:३०)

@गंगावेशचा_कथेकरी, आमच्या जमातीतर्फे माफी. ऐनवेळी अक्षरजुळणी बदलून द्यायची, मुखपृष्ठ तिसऱ्यांदा पाठवायचं आणि तारीख मात्र तीच ठेवायची, हे लेखकही करतात, तेवढं बोलून घेतो. प्रकाशनाची तारीख पुस्तक हातात आल्यावर ठरवावी. कोणी ऐकत नाही, कारण पाहुण्यांची तारीख आधी मिळालेली असते.

इथं पुष्कळ लिहिणारे दिसतायत म्हणून दोन गोष्टी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावानं असलेली सरकारी संस्था तो देते. त्याचे पैसे कोणी 'पॅकेज'मध्ये लावत असेल तर विचारा, कशाचे? आणि १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते. सत्काराला शाली आणतो तसे चार लिफाफे पण आणा. पन्नास वर्षांनी तुमचं पुस्तक शोधायला कुणी निघालं तर ते तिथं सापडेल.

मंगळवार_पेठ (मंगळवार, दुपारी १२:१५)

कथेकरी, तो पिशवीवाला मी नव्हे. पण कोण असेल याचा अंदाज आहे. शहरातल्या प्रत्येक कार्यक्रमाला ते येतात, कधी प्रश्न विचारत नाहीत.

ताई, शहरापुरतं थांबू नका. थंडीत जिल्ह्यातल्या गावागावांत ग्रामीण साहित्य संमेलनं असतात. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागून ग्रंथदिंडी, लेझीम खेळणाऱ्या शाळेच्या पोरी, पालखीत ज्ञानेश्वरी आणि संविधान. दुपारी अख्ख्या मांडवाला जेवण. तिथं व्यासपीठावरचा माणूस आणि समोरचा माणूस एकाच बोलीत बोलतात. या जिल्ह्याचं लेखन तिथूनच आलंय की. आनंद यादव कागलचे, शंकर पाटील पट्टणकोडोलीचे, रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे. राजन गवस यांना २००१ चं आणि कृष्णात खोत यांना २०२३ चं साहित्य अकादमी मिळालं. त्या वेळी बातमी कळल्यावर आमच्या कट्ट्यावर जो आनंद झाला तो फुटबॉलची फायनल पेठेनं मारल्यासारखा होता. (पेठेत याहून मोठी उपमा नाही.)

कोल्हापूरचं मोठं अखिल भारतीय संमेलन मी १९९२ चं पाहिलंय, रमेश मंत्री अध्यक्ष होते. त्याआधीचं १९३२ चं, सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली. १९९२ ला तीन दिवस रजा टाकली होती. साहेबांनी कारण विचारलं. "घरचं कार्य" म्हणून सांगितलं.

बदलीवाली (पुढचा सोमवार, रात्री १०:१८)

काल गेले!

शाहू स्मारकला, एका ललितसंग्रहाच्या प्रकाशनाला. साडेपाचला पाच मिनिटं कमी होती. सभागृहात मी, माईकवाला आणि खुर्च्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा एक मुलगा. दारात नोंदवही होती, नाव आणि मोबाइल लिहिला. आज सकाळपासून तीन निमंत्रणं आलीत, त्यातलं एक पुढच्या महिन्यातलं. एवढ्यावरून कळलं की कार्यक्रम कसे कळतात हा माझा प्रश्न त्या वहीनं सोडवलाय.

चौथी रांग, कडेची खुर्ची. "कुणाकडून" कोणी विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं, वाया गेलं.

लेखिका बाहेरच्या जिन्याजवळ एकटी उभी होती. साठीच्या असतील, निवृत्त शिक्षिका. मी काय बोलायचं म्हणून विचारलं, "पहिलंच?" त्या म्हणाल्या, "पहिलंच, आणि हात थंड पडलेत बघा," आणि खरंच हात हातात दिला. बर्फासारखा. मग मी त्यांना काउंटरवर पहिल्या दिवशी माझे हात कसे होते ते सांगितलं. दहा मिनिटं आम्ही पुस्तकाचा एक शब्द बोललो नाही.

सत्कार नऊ. (मोजले, @शेवटची_रांग.) पण एक पाहुण्या खरंच वाचून आल्या होत्या. पुस्तकात पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या, आणि त्यांनी एक लेख आवडला नाही हेही सांगितलं, कारणासकट. त्यावर सभागृह एकदम ताठ झालं. लेखिका मनोगतात म्हणाल्या, तो लेख मलाही नको होता, पानं भरायला घेतला. हशा. मला वाटतं संपूर्ण संध्याकाळीत लोक तेव्हाच खरे ऐकत होते.

पुस्तक घेतलं. दोनशे वीसचं, सवलतीत पावणेदोनशेला. सही करताना त्यांनी माझं नाव विचारलं, मग थांबून विचारलं, "अकोल्याच्या का? 'पहिलंच' तुम्ही वेगळं म्हणता." अर्धं वाचून झालंय. संपलं की पत्र लिहिणार आहे, पोस्टकार्ड मिळालं तर पोस्टकार्डच.

शेवटची_रांग (पुढचा सोमवार, रात्री १०:३१)

नऊ म्हणजे प्रगती आहे. त्या पिवळ्या चिठ्ठ्यांच्या पाहुण्या कोण हे व्यक्तिगत निरोपात कळवा. त्या जिथं बोलतील तिथं मी पहिल्या रांगेत बसेन, चिठ्ठी फाडून.

बदलीवाली (पुढचा सोमवार, रात्री १०:४०)

कळवते.

@गंगावेशचा_कथेकरी, त्या पंचवीस प्रतींचं पुढं काय झालं? एखादी शिल्लक आहे का? मला तुमची कादंबरी घ्यायचीय, पण चुकीच्या फॉर्मवालीच. पैसे पूर्ण देणार, 'सप्रेम भेट' नको.

गंगावेशचा_कथेकरी (पुढचा सोमवार, रात्री ११:१५)

नऊ आहेत, माळ्यावर. कव्हर अजून वरच्या बाजूनं वळलेलंच आहे. रविवारी करवीर नगर वाचन मंदिरात येतोय, घेऊन येतो.

वाचताना बत्तीस झालं की सोळा पानं सोडून तेहेतीसला जा. अठ्ठेचाळीस झालं की मागं येऊन एकोणपन्नास धरा, आणि चौसष्टवरून थेट पासष्ट. म्हणजे आजी गोठ्यात पोचेल.